वायनरीचा माणूस आला की: फोटो आणि टेस्टिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा गट आहे. नाशिक, अकलूज, कधी बंगळूरजवळच्या नंदी हिल्सकडची एखादी वायनरी आपला प्रतिनिधी पाठवते. परवाना असलेल्या एका रेस्तराँची मागची खोली आम्ही घेतो, प्रतिनिधीने आणलेल्या बाटल्यांचे फोटो काढतो आणि मग त्या चाखतो. नव्याने येणारे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबलीत, कारण लोक नेमके तिथेच अडतात.

संध्याकाळ साधारण कशी जाते?

सहाला टेबलं लागतात. पहिला तासभर फक्त कॅमेऱ्यांचा. मग दिवे बाजूला होतात, बाटल्या उघडतात आणि प्रतिनिधी बोलायला लागतो. पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण ५० मिली. जेवण शेवटी, ज्याला हवं त्याने.

येणारा प्रतिनिधी म्हणजे वाइन बनवणारा का?

क्वचित. बहुतेक वेळा तो विक्रीचा माणूस असतो, शहरातली हॉटेलं आणि दुकानं सांभाळणारा. नशीब जोरावर असेल तर खुद्द वाइनमेकर येतो, पण जानेवारी ते मार्च त्याची आशा धरू नका. तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते आणि तो टाक्यांपासून हलत नाही.

विक्रीचा माणूस आला म्हणून नाक मुरडणारे काही जण असतात. मला ते पटत नाही. कोणती वाइन कुठल्या गावात का खपत नाही, दुकानदार बाटल्या उन्हात कशा ठेवतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फक्त तो 'वेल्वेटी फिनिश' वगैरे बोलू लागला की हळूच विषय बागेकडे वळवा.

आधी फोटो की आधी चव?

आधी फोटो. यावर आमच्याकडे चर्चा नाही.

कॅमेऱ्याला बाटली कोरडी, लेबल स्वच्छ, दिवा जवळ आणि भरपूर वेळ लागतो. जिभेला नेमकं उलटं हवं असतं: बाटली गार, वाइन नुकतीच ओतलेली, दिवा दूर. दोन्ही एकाच बाटलीवर एकाच वेळी करायला गेलात की फोटोही फसतो आणि वाइनही कोमट होते. म्हणून प्रतिनिधीला आम्ही आधीच फोनवर सांगतो: साहेब, प्रत्येक वाइनच्या दोन बाटल्या आणा. एक फोटोची, एक चवीची. फोटोची बाटली खोलीच्या तापमानाला, चवीची पहिल्यापासून फ्रिजमध्ये किंवा बर्फात. पुण्यात दुकानाच्या किमतीचं स्टिकर लेबलवरच चिकटवायची फार खोड आहे, त्यामुळे फोटोची बाटली शक्यतो थेट वायनरीच्या खोक्यातली मागवावी.

एकच बाटली आली तर ती न उघडता, कोरडी असतानाच आधी तिचे फोटो काढून घ्या, मग बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेल्या बादलीत बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्यात बाटली लवकर गार होते, कारण पाणी काचेला सगळीकडून भिडतं. मूठभर मीठ टाकलंत तर आणखी लवकर. अर्ध्या तासात पांढरी वाइन पिण्याजोगी होते.

आणि फोटोसाठी ओतलेला ग्लास कुणीही प्यायचा नाही. त्यात काय-काय घातलेलं असतं ते पुढे वाचा.

मोबाइल चालेल का?

चालेल. फक्त जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, बाटलीची मान बारीक आणि पोट फुगलेलं येतं. दोन पावलं मागे सरका आणि दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर ८५ ते १०० मिमीची लेन्स. लेन्स लेबलच्या उंचीला आणा, वरून वाकून काढू नका.

बाटलीवर खिडकी, पंखा आणि माझंच तोंड दिसतं. काय करू?

काच म्हणजे गोल आरसा. समोर जे असेल ते ती दाखवणारच, तेव्हा तिच्यासमोर काय ठेवायचं एवढंच आपल्या हातात असतं.

खोलीतले वरचे दिवे आणि फ्लॅश बंद करा. एकच दिवा घ्या, एलईडी असेल तर उत्तम, कारण तो तापत नाही. तो बाटलीच्या एका बाजूला, किंचित मागे ठेवा आणि मध्ये बटर पेपर ताणून धरा. स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपरही चालतो. मग काचेवर ठिपक्याऐवजी वरपासून खालपर्यंत सरळ, मऊ उजळ पट्टा येतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केलात की तिकडेही एक फिकट पट्टा मिळतो. बाटलीची कड पार्श्वभूमीत विरघळत असेल तर दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळा कार्डपेपर उभा करा. लगेच कड काळ्या रेघेने आखल्यासारखी उठून येते.

लेबल चकाकतं तेव्हा पोलरायझर फिल्टर फिरवून बघा. काच आणि गुळगुळीत कागदावरची चमक तो बरीच मारतो. सोनेरी छपाई आणि धातूचं टोपण यांच्यावर मात्र त्याचं काही चालत नाही. तिथे दिव्याचा कोन बदलावा लागतो, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. कंटाळवाणं काम आहे.

काळा किंवा गडद शर्ट घालून या. पांढऱ्या सदऱ्यात आलात की तुम्ही प्रत्येक बाटलीत दिसता.

लाल वाइन फोटोत शाईसारखी काळी का येते?

कारण शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यों ग्लासभर ओतली की तिच्यातून प्रकाश आरपार जातच नाही. उपाय दोन. पहिला प्रामाणिक: ग्लासात बोटभरच वाइन ओता, तो आडवा कलता धरा आणि मागे पांढरा कागद ठेवा. कडेला पातळ झालेल्या वाइनचा जांभळा किंवा विटकरी रंग दिसतो. चाखतानाही रंग असाच बघतात.

दुसरा धंदेवाईक: फोटोच्या ग्लासात पाणी मिसळा आणि मागून उजेड द्या. जाहिरातींचे फोटो काढणारे हे सर्रास करतात. बाटलीतली वाइन उजळायची असेल तर बाटलीच्या आकारापेक्षा जरा लहान असा चंदेरी फॉइलचा किंवा पांढऱ्या कार्डाचा तुकडा कापून तिच्या पाठीला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, चिकटवतात आणि दिव्याचा उजेड त्यावर पाडतात. मग हिरवी काच आतून पेटल्यासारखी दिसते. प्रतिनिधी हे पहिल्यांदा बघतो तेव्हा हटकून मोबाइल काढून त्या फॉइलचाच फोटो घेतो.

गार बाटलीवरचे थेंब खरे असतात का?

फोटोतले बहुधा नसतात. ग्लिसरीन आणि पाणी समसमान घेऊन स्प्रेच्या बाटलीतून मारतात, ते थेंब तासभर जागचे हलत नाहीत. खरे थेंब पावसाळ्यात पुण्यात दोन मिनिटांत जमतात आणि पाचव्या मिनिटाला लेबलवर ओघळतात. कागदी लेबल त्यात फुगतं. ग्लिसरीन मारायचं तर लेबल आधी प्लॅस्टिकने झाका.

स्पार्कलिंगचे बुडबुडे कसे टिपायचे?

ग्लास आधी जागेवर ठेवून फोकस करून घ्या आणि मग दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काम उरका. बुडबुडे मंदावले की चिमूटभर साखर टाकतात. तो ग्लासही अर्थात फोटोचाच.

प्रतिनिधीचा फोटो काढला तर चालतं का?

विचारून. ग्लास हुंगताना नाक आत गेलेला किंवा थुंकतानाचा फोटो टाकू नका, कितीही नैसर्गिक वाटला तरी. बाटली ओततानाचे हात, मनगटाचा कोन, खाली लावलेला नॅपकिन, हे जास्त चांगलं येतं.

अत्तर, गजरा, उदबत्ती याबद्दल एवढे कडक नियम का?

वाइनची चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं. मोगऱ्याचा एक गजरा खोलीत आला की सहा वाइनना मोगऱ्याचा वास येतो. रेस्तराँवाल्याला आम्ही संध्याकाळची उदबत्ती मागच्या खोलीत फिरवू नका असं सांगतो, आणि स्वयंपाकघराचं दारही लावून घेतो. एकदा एक प्रतिनिधीच इतकं परफ्यूम मारून आला होता की त्याला आम्ही टेबलाच्या पार टोकाला, खिडकीत बसवलं. त्यानेही हसून मान्य केलं.

चाखायचा क्रम काय?

स्पार्कलिंग, मग हलकी पांढरी, मग ओकच्या पिंपातली पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, हलकी लाल, भारी लाल आणि सगळ्यात शेवटी गोड. उलटा क्रम लावला तर लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या, शनॅं ब्लांच्या गोडव्यानंतर साधी पांढरी सोव्हिन्यों ब्लां लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागते. प्रतिनिधीला आपली महागडी लाल बाटली आधी उघडायची घाई असते. त्याला थांबवा.

वाइन किती गार असावी?

स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, पांढरी आणि रोझे ८ ते १२, लाल १६ ते १८. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे वाक्य युरोपातल्या गारठलेल्या घरांसाठी आहे. एप्रिलात आपली खोली ३५ अंशांवर असते. त्या तापमानाला शिराझमधलं अल्कोहोल थेट नाकात जातं आणि फळाचा वास हरवतो. लाल बाटलीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बिनदिक्कत.

थुंकायचं? खरंच?

हो. टेबलावर स्टीलची भांडी असतात, आमच्यातले जुने लोक त्यांना पिकदाणीच म्हणतात. सहा वाइन ५० मिलीने म्हणजे ३०० मिली झाले, पूर्ण दोन ग्लास. सगळं गिळलंत तर चौथ्या वाइनपासून तुमच्या नोंदी 'छान', 'मस्त' एवढ्यावरच येतात. पहिल्यांदा संकोच वाटतो, घरी पाण्याने सराव करून या. न थुंकता उरलेलं नुसतं ओतून टाकलं तरी प्रतिनिधी रागावत नाही, त्याला सवय असते.

मला त्यात ब्लॅककरंट, गूजबेरी असलं काही लागत नाही. माझी जीभ कच्ची आहे का?

तुम्ही ब्लॅककरंट कधी खाल्लंय का? मी लहानपणी नाही खाल्लं. जे फळ आठवणीतच नाही ते ग्लासात कुठून सापडणार? आपल्या मंडईतल्या वासांची नावं घ्या, ती काही कमी प्रतीची नाहीत.

नाशिकची सोव्हिन्यों ब्लां घ्या. ग्लास न हलवता पहिला वास: हिरवी ढोबळी मिरची कापल्यासारखा, ओलसर हिरवा. ही कल्पना नाही, पायरझीन गटातले जे रेणू ढोबळी मिरचीला वास देतात तेच या द्राक्षातही असतात. आता ग्लास दोनदा फिरवा. हिरवेपणा मागे जातो आणि पेरू येतो, कडक पांढऱ्या पेरूचा, क्वचित कैरीचा. घोट घेऊन तोंडात फिरवा, दातांमधून थोडी हवा आत ओढा. गालांच्या आत पाणी सुटतं, तो आंबटपणा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि चव कधी संपते ते बघा. लवकर संपली तर वाइन साधी आहे, त्यात वाईट काही नाही.

शिराझमध्ये काळी मिरी शोधा. मिरीला तिचा खास वास देणारा रोटंडोन हा रेणू शिराझच्या सालीत सापडतो, त्यामुळे मिरीचा भास हा भास नसतोच. काहींना त्यापुढे जांभूळ लागतं. हिरड्यांवर येणारी सुपारीसारखी ओढ म्हणजे टॅनिन, मराठीत सरळ तुरटपणा. शनॅं ब्लांमध्ये पपई, पिकलं केळं, कधी मध.

कुणी काय लिहिलंय ते बघून लिहू नका. प्रतिनिधीचा टेस्टिंगचा छापील कागद आम्ही शेवटी वाटतो, कारण तो आधी हातात पडला की सगळ्यांना एकदम 'सिट्रस' लागायला लागतं.

वाइन खराब आहे असं वाटलं तर प्रतिनिधीसमोर बोलायचं का?

जरूर, पण नेमकं बोला. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास आणि फळाचा पत्ता नाही, तर बुचाचा दोष. पांढरी वाइन तपकिरीकडे झुकलेली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी, तर हवा लागली आहे. बूच मानेच्या वर सरकलेलं, कडेने चिकट ओघळ, वाइन शिजवलेल्या मुरांब्यासारखी, तर बाटली कुठेतरी तापली आहे, बहुधा गोदामात किंवा मे महिन्यातल्या टेंपोत. पहिल्या दोषाचा स्क्रू कॅपच्या बाटल्यांत जवळजवळ प्रश्नच येत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वाइनना आता तेच असतं, तेव्हा स्क्रू कॅप म्हणजे हलका माल हा समज सोडून द्या. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर तो दोष नव्हे, टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, पोटात गेले तरी काही होत नाही.

प्रतिनिधी सहसा खजील होऊन दुसरी बाटली उघडतो. वाद घालत बसला तर त्या कंपनीबद्दल तुम्हाला पुरेसं कळलं.

प्रतिनिधीला काय विचारावं?

'ही वाइन कशाबरोबर जाते' हे विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. छाटणीबद्दल विचारा.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. नाशिकला ती झोपत नाही, तिला छाटूनच वळण लावावं लागतं. म्हणून वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी, वेलीची काडी तयार करायला, आणि पावसाळा सरता-सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळासाठीची गोडी छाटणी. पीक एकच घेतात, तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आपली द्राक्षं थंडीत पिकतात आणि उन्हाळा तापायच्या आत उतरतात. ही गोष्ट कळली की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. गोडी छाटणी कुठल्या आठवड्यात केली? परतीच्या पावसाने किती नुकसान झालं? डिसेंबरात रात्री किती थंड गेल्या? रात्र जितकी थंड तितका द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि आंबटपणा नसलेली पांढरी वाइन म्हणजे सरबत.

दुसरा प्रश्न: द्राक्षं स्वतःच्या बागेची की करारावरच्या शेतकऱ्यांची? करारात वजनावर पैसे की साखरेच्या मापावर? खाण्याच्या थॉम्पसनची सवय असलेल्या बागायतदाराला वेलीवर कमी घड ठेवायला राजी करणं हीच मोठी गोष्ट असते, आणि प्रतिनिधी गावाकडचा असेल तर इथे तो खुलतो.

थोडा इतिहास माहीत असेल तर गप्पा रंगतात. नारायणगावला चौगुल्यांच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात स्पार्कलिंग वाइन बनवून 'ओमर खय्याम' नावाने परदेशी विकली, तेव्हा नाशिकचं नाव कुणी घेत नव्हतं. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेसाठी वेगळं धोरण आणलं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची गोष्ट निराळी: मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशी तीन घराणी, आणि सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष. पिएरो मासी हा टस्कनीचा वाइनमेकर तिथे आला तो याच वेड्या प्रयोगासाठी. मला स्वतःला हे धाडस नाशिकपेक्षा जास्त भावतं.

टेबलावर खायला काय असतं?

चाखताना साधा पाव आणि पाणी. चकली, शेव, खारे दाणे नंतर. तिखटाने आणि मिठाने जीभ बधिर होते, शिवाय तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल आणखी झोंबतात. जेवणात मग हवं ते करा. किंचित गोडसर शनॅं ब्लां कोथिंबीर वडीबरोबर फार छान लागते. तांबड्या रश्श्याबरोबर शिराझ घेऊ नका, दोघांचंही वाटोळं होतं.

काढलेले फोटो कुणाचे?

तुम्ही स्वतःहून, पैसे न घेता काढलेत तर तुमचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालकी हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. त्यामुळे वायनरीने पैसे देऊ केले तर कुठे वापरणार, किती काळ, नाव देणार का, हे दोन ओळींत लिहून घ्या. 'फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा ना' म्हणाले तर लहान आकाराचे पाठवा.

इंस्टाग्रामवर टाकले तर चालतील?

आपली नोंद म्हणून टाका, विक्रीची भाषा नको. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. किंमत, सवलत, 'आजच घ्या' असलं काही लिहू नका. बाटल्या फुकट मिळाल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या सूचनांतही तेच आहे, आणि वाचणाऱ्यालाही ते कळायला हवं.

वय, ड्राय डे, गाडी?

महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१. ओळखपत्र आणा. ड्राय डेला आम्ही भेटत नाही. गाडी घेऊन येऊ नका: रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. थुंकणाऱ्यांनीही रिक्षा करावी.

मी पीत नाही. फक्त फोटो काढायला येऊ का?

या. दिवा धरायला, बटर पेपर ताणायला आणि ओतायला एक स्थिर हात आम्हाला नेहमीच कमी पडतो. तुमच्यासाठी जेवणाचे तेवढे पैसे घेतो, टेस्टिंगचे नाही. पण तो गडद शर्ट तुम्हालाही सुटत नाही.